ज्योतीवर जमणारा बर्फ

मिशिगनच्या उत्तर भागात, विजेच्या शेवटच्या खांबापासून बऱ्याच दूर, पाइनच्या रानात आमचा ट्रेलर उभा होता. सांगलीहून आलेल्या बाबांनी सरबतासाठी फ्रिज उघडला, बर्फाचा ट्रे हातात घेतला आणि ते थबकले. "इथं लाइट नाही ना? मग बर्फ कसा झाला?"

मी त्यांना बाहेर नेलं. ट्रेलरच्या कुशीला एक जाळीचं झाकण असतं. ते काढलं आणि आत बोट दाखवलं. नळ्यांच्या गुंत्याखाली करंगळीच्या पेराएवढी निळी ज्योत तेवत होती. "ही ज्योत बर्फ करते," मी म्हणालो. बाबा तिथंच उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या नळ्यांत तीन पदार्थ कायमचे कोंडलेले असतात: पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन. ज्योतीच्या आचेनं पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून बाहेर पडतो, वर चढतो आणि मागच्या पत्र्याच्या पंखांपाशी आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. हा द्रव घरंगळत फ्रिजच्या पोटाशी येतो. तिथं हायड्रोजन भरलेला असतो. त्या गर्दीत अमोनियाचा स्वतःचा दाब अगदी कमी पडतो, म्हणून शून्याखालच्या थंडीतही त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो आपल्या दुधातून, भाजीतून, ट्रेमधल्या पाण्यातून ओढून घेतो. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी उडून जाताना आतलं पाणी गार करून जातं, तोच हा नियम. पुढे पाणी अमोनियाला पुन्हा पिऊन टाकतं, हायड्रोजन मोकळा होतो आणि फेरा पहिल्यापासून सुरू होतो. यात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. बॅटरीची थोडी वीज लागते ती फक्त ठिणगी पाडायला आणि गॅसची झडप सांभाळायला. स्टॉकहोमच्या तंत्रशाळेत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही रचना शोधली.

आणि या चमत्कारातूनच ट्रेलर सांभाळण्याची पहिली सूचना निघते. पंप नसल्यामुळे नळ्यांतला द्रव फक्त उतारावरून वाहतो. ट्रेलर एका अंगाला कलून उभा राहिला तर द्रव भलत्याच जागी साचतो, ज्योत कोरड्या नळीला भाजत राहते आणि आत कायमचा अडथळा तयार होऊ शकतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम पाणसळीचं. गवंडी भिंतीवर ठेवतो तीच पाणसळ फ्रिजच्या तळावर आडवी-उभी ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत चाकांखाली फळ्या सरकवायच्या. निघण्याच्या आदल्या दिवशीच फ्रिज सुरू करायचा, कारण तो सावकाश गार होतो. आत ठेवायचं ते घरच्या फ्रिजमध्ये गार केलेलंच ठेवायचं. जाळीच्या झाकणाआड कोळी आणि गांधीलमाश्या घरं करतात. ती वर्षातून एकदा झाडून काढायची, म्हणजे ज्योत निळी राहते.

आपल्या राहत्या घरात पाणी, गॅस, वीज आणि वजन हे सगळं भिंतींत आणि जमिनीखाली निमूटपणे चाललेलं असतं. ट्रेलरमध्ये ते आपल्या हातात येतं. म्हणून ट्रेलरची देखभाल ही कटकटीची यादी आहे असं मला कधी वाटलंच नाही. तिच्या प्रत्येक कलमामागे निसर्गाची एक खोड आहे आणि ती कळली की सूचना पाठ करावी लागत नाही.

गाडी उलाळ झाली

त्याच सहलीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सामान भरलं होतं. सायकली, हत्यारांची पेटी, जनरेटर, पाण्याचे कॅन, सगळं मागच्या बाजूला. बाबा पुढच्या दांड्यापाशी उभे राहिले, हातानं दांडा थोडा वर तोलून पाहिला आणि म्हणाले, "अरे, पुढं दाबच नाही. गाडी उलाळ झालीय तुझी."

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि पट्टा बैलांच्या गळ्याला काचतो. त्याला उलाळ होणं म्हणतात. बैलगाडी काय किंवा ट्रेलर काय, ओझं चाकांवर पेलायचं आणि त्यातलं थोडं पुढच्या दांड्यावर द्यायचं, ही एकच युक्ती. अमेरिकेत यासाठी ठरलेलं प्रमाण आहे: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांड्यावर हवा. ट्रेलर 2000 किलोचा असेल तर 200 ते 300 किलो. त्यासाठी सामानाचा जास्त हिस्सा चाकांच्या पुढे आणि तोही जमिनीलगत ठेवायचा.

हा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, पण 250 किलो त्यावर टाकता येत नाहीत. मग एक भक्कम फळी घ्यायची. तिचं एक टोक लोखंडी नळीवर आणि दुसरं काट्यावर टेकवायचं, दोहोंमध्ये तीन फूट अंतर ठेवायचं आणि ट्रेलरचा दांडा नळीपासून एका फुटावर टेकवायचा. तरफेच्या नियमानं काट्यावर बरोबर एक तृतीयांश भार येतो. आकडा तिप्पट केला की झालं. शाळेत तरफ शिकलो तेव्हा ती कधी अशी कामाला येईल हे मनातही आलं नव्हतं.

दाब कमी पडला तर काय होतं? ट्रेलरची शेपटी लोलकासारखी डोलू लागते. कमी वेगात हे झोके आपोआप विरतात. एका ठरावीक वेगापुढे मात्र प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर मोटारीलाच फिरवून टाकतो. असा झोका आला तर मोटारीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही आणि स्टिअरिंग झटक्यानं फिरवायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गुडघ्याजवळच्या छोट्या कंट्रोलरनं फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावायचे. मागच्याला थोपवलं की दोघांमधली जोडणी ताणली जाते आणि ट्रेलर पुन्हा रांगेत येतो.

त्या संध्याकाळी आम्ही अर्धं सामान उतरवून पुढे आणलं. दुसऱ्या दिवशी महामार्गावर मोठे ट्रक सुसाट शेजारून गेले तरी ट्रेलर ढळला नाही.

चार आकडे आणि एक तळहात

ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, वयानं मरतात. वर्षातले बरेच महिने तो एका जागी उभा असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ओझोन रबराला तडे देतात, वरची नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतर जी ओळ असते तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालातला तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदलावा. उभ्या ट्रेलरच्या टायरना कापडी झापडं घालावीत. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. चाक बसवल्यावर पहिल्या 80 ते 160 किलोमीटरमध्ये नट पुन्हा आवळून पाहावेत. धातू एकमेकांवर बसताना नट किंचित सैल पडतात.

चाकाच्या मधोमध बेअरिंग असतं. त्यातलं वंगण वर्षातून एकदा बदलायचं असतं, पण ते आत कसं आहे हे कळायला आपल्याकडे एक उपकरण आहे: तळहात. चहाला थांबलो की प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्यायचा. चारही सारखीच कोमट असतील तर ठीक. त्यातलं एकच चटका देण्याइतकं तापलेलं असेल तर तिथलं वंगण संपलंय किंवा ब्रेक चिकटलाय. गाडीवान आसाला हात लावून पाहतो ते याचसाठी, असं बाबा म्हणाले.

येणारं पाणी, जाणारं पाणी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दीडशे लिटरची टाकी भरून निघालात तर दोन मोठी माणसं सोबत घेतलीत असं समजा. मुक्कामाजवळ चांगलं पाणी मिळणार असेल तर टाकी तिथंच भरावी. मोसमाच्या सुरुवातीला टाकी निर्जंतुक करायची. कपड्यांचं बिनवासाचं साधं ब्लीच, टाकीच्या प्रत्येक लिटरमागे साधारण एक मिलिलिटर, पाण्यात मिसळून सगळ्या नळांतून वास येईपर्यंत खेळवायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत धुवायचं. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी आणि पांढरी ठेवावी. मैला धुवायची नळी दुसऱ्या रंगाची आणि दुसऱ्या कप्प्यात. बाहेरच्या नळाला जोडताना दाब कमी करणारी पितळी झडप मध्ये लावावी, नाहीतर एखाद्या छावणीच्या जोरदार दाबानं आतले प्लॅस्टिकचे सांधे सुटतात.

जाणारं पाणी दोन टाक्यांत जातं: एकीत मोरीचं, दुसरीत संडासचं. नवखा माणूस इथंच चुकतो. जोडणी मिळाली की तो संडासच्या टाकीची झडप उघडीच ठेवतो. पातळ ते वाहून जातं आणि घट्ट ते आत ढिगासारखं वाळून बसतं. झडप बंद ठेवायची, टाकीत भरपूर पाणी असू द्यायचं आणि ती बरीचशी भरल्यावरच मोकळी करायची. पाण्याचा लोंढाच सगळं घेऊन जातो. आधी संडासची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन निघतं.

मोरीखाली वाकडी नळी असते. तिला आपल्याकडचे प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात आणि आपली न्हाणी या नावानं भारतभरच्या इमारतींच्या आराखड्यांत जाऊन बसली आहे. त्या वाकणात साचलेलं ओंजळभर पाणी खालच्या टाकीतली दुर्गंधी अडवतं. महिनाभर ट्रेलर बंद राहिला की हे पाणी उडून जातं आणि दार उघडताच वास येतो. टाकी फुटली म्हणून घाबरायचं कारण नाही, तांब्याभर पाणी ओतलं की पहारा पुन्हा बसतो.

गरम पाण्याच्या काही हीटरमध्ये पोलादी टाकी असते आणि तिच्यात मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक कांडी बसवलेली असते. ती तिथं फक्त गंजण्यासाठी असते. पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यातला अधिक चंचल धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. 1824 मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला ही युक्ती काढली आणि तीच आज आमच्या अंघोळीच्या पाण्यात काम करते. वर्षभरानं कांडी बाहेर काढली तेव्हा ती खड्ड्याखड्ड्यांची, काडीसारखी बारीक झालेली होती आणि टाकी मात्र आतून शाबूत. कांडी बरीचशी संपली की नवी घालायची. मात्र हीटर बंद करून, पाणी पूर्ण निवू देऊन आणि दाब सोडूनच ती उघडायची. आणि टाकी रिकामी असताना हीटर कधीही पेटवायचा नाही.

उत्तर अमेरिकेतल्या हिवाळ्यात तर पाणीच शत्रू होतं. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि तांब्याच्या, पितळेच्या, प्लॅस्टिकच्या नळीला फाडू शकतं. म्हणून पहिल्या गोठणाच्या आत सगळ्या टाक्या आणि हीटर रिकामे करायचे आणि नळांतून गुलाबी रंगाचं, खास ट्रेलरसाठी मिळणारं बिनविषारी द्रव खेळवायचं. मोटारीच्या रेडिएटरचं द्रव विषारी असतं, ते इथं चालत नाही. नहाणी ट्रॅपमध्येही हे गुलाबी द्रव ओतायचं, कारण तिथलं ओंजळभर पाणीही गोठतं.

घामेजलेल्या भिंती

शेगडी, हीटर आणि फ्रिज, तिघंही प्रोपेनवर चालतात. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीत तो सिलिंडरमध्ये नुसता द्रव होऊन पडून राहील. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळतो, म्हणून बर्फातही शेगडी पेटते.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आहे. गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा सूचक घोट्याच्या उंचीवर बसवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक वेगळा. या दोन्ही यंत्रांना आयुष्य असतं आणि त्यांच्या पाठीवर मुदत छापलेली असते. ती पाहून बदलावीत. बटण दाबल्यावर आवाज येतो तो भोंगा चालू आहे एवढंच सांगतो. नळीचे सांधे साबणाच्या फेसानं तपासायचे. बुडबुडा फुगला तर गळती आहे. दाराजवळ अग्निशामक नळकांडं हवंच.

आणि मला सर्वांत चकित करणारी गोष्ट: एक किलो प्रोपेन जळला की साधारण 1.6 किलो पाणी तयार होतं. गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूला भेटतो आणि ज्योतीतून पाणी जन्माला येतं. ते वाफ होऊन हवेत राहतं, आपल्या श्वासाची वाफही त्यात मिसळते आणि रात्री थंड काचांवर, गाद्यांखाली, कपाटांच्या कोपऱ्यांत दवासारखं उतरतं. बुरशी तिथूनच येते. स्वयंपाक करताना छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, पंखा लावा आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. थंडीत खिडकी उघडी ठेवणं वेडेपणा वाटतो, पण कोरडी थंड हवा आत येऊन तापली की कितीतरी जास्त वाफ सामावून घेते आणि ट्रेलर कोरडा राहतो.

अर्धीच बॅटरी

लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे घरकाम झालं. ट्रेलरची शिशाची बॅटरी त्याच जातीची आहे. 100 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1200 वॅट-तास देते, पण ती निम्म्याहून खाली उतरवली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि पुढे सुटत नाहीत. म्हणजे आपल्या हक्काचे 600 वॅट-तास. त्यात 30 वॅटचा पंखा 20 तास चालेल. काही तास विसावलेल्या बॅटरीवर मीटर लावला तर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली आणि 12.1 म्हणजे अर्धी. जुने बल्ब काढून एलईडी लावले की त्याच उजेडाला पूर्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याची वीज लागते. लिथियमची बॅटरी जवळजवळ सगळी वापरता येते, पण गोठणबिंदूच्या खाली ती चार्ज करायची नाही. ट्रेलर बंद ठेवताना बॅटरीची तार सोडून ठेवावी, कारण सूचकासारखी छोटी यंत्रं काही आठवड्यांत तिला गुपचूप रिकामी करतात.

मृगाआधीची शाकारणी

घर एका जागी उभं असतं. ट्रेलर रस्त्यावरून धावतो तेव्हा त्याच्या प्रत्येक सांध्यापुरता तो एक लांबलेला भूकंपच असतो. छतावर खिडक्या, हवेच्या नळ्या आणि कडेच्या पट्ट्या जिथं जोडलेल्या असतात तिथली लवचीक लुकण उन्हानं ताठरते आणि हादऱ्यांनी चिरते. केसाएवढ्या त्या फटीतून पाणी शिरतं, चौकटीच्या लाकडावरून वाट काढत भलत्याच ठिकाणी डाग होऊन दिसतं आणि तोवर आतलं लाकूड मऊ झालेलं असतं. आपल्या ट्रेलरला संपवणारं पहिलं कारण हेच.

कोकणात मृगाआधी कौलं काढून घर शाकारतात, तसं वर्षातून दोनदा शिडीवर चढून छत न्याहाळायचं. फट दिसली की ती जागा पुसून, छताच्या प्रकाराला चालणारी, आपोआप पसरणारी लुकण भरायची. सिलिकॉन वापरायचं नाही, कारण त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. आत भिंतीवर बोटानं दाबून पाहायचं. भिंत दबली किंवा फुगवटा जाणवला तर पाणी आधीच पोचलेलं आहे.

प्रदक्षिणा

मुक्काम हलवताना माझा एक नेम आहे. मोटारीत बसण्याआधी ट्रेलरला एक प्रदक्षिणा घालायची आणि प्रत्येक गोष्टीला हात लावायचा. सुरुवात दांड्यापासून. कुलपात पिन आहे? जॅकनं दांडा किंचित वर उचलला की मोटारीची मागची बाजूही उचलली जाते? तरच जोडणी खरी बसलेली. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून गेल्यात? दांडा सुटलाच तर त्या फुलीत तो झोळीसारखा अडकतो, रस्त्यावर आपटत नाही. शेजारी एक बारीक तार असते. ट्रेलर अगदी निसटलाच तर ती तार पिन उपसते आणि बॅटरी ट्रेलरचे ब्रेक आपणहून आवळते. पुढे दिवे, टायर, नट, पायरी वर, टेकू वर, छताच्या खिडक्या बंद, सिलिंडरची झडप बंद, फ्रिजची ज्योत विझलेली. चाकांपुढचे ठोकळे सर्वांत शेवटी काढायचे. मुक्कामाला पोचल्यावर उलट: ठोकळे आधी, जोडणी सोडणं नंतर.

त्या रानातून निघताना बाबा माझ्यापुढे चालत होते. वाटेत पेट्रोलला थांबलो तेव्हा ते न सांगता उतरले आणि चारही चाकांपाशी तळहात नेऊन आले.

संध्याकाळी दुसऱ्या सरोवराकाठी पोचलो. मी गॅसची झडप उघडून फ्रिजकडे वळलो तर बाबा आधीच तिथं होते. फ्रिजचं दार उघडून त्यांनी तळावर पाणसळ ठेवली होती आणि तिच्यातल्या बुडबुड्याकडे एकटक पाहत होते. "डावं चाक अजून एक फळी," ते म्हणाले. मी फळी सरकवली, मोटार पुढे घेतली, चाकांना ठोकळे लावले आणि परत आलो. बुडबुडा सरकला, डगमगला आणि दोन रेघांच्या मध्ये येऊन स्थिर झाला.

"आता पेटव," बाबा म्हणाले.